मावशीची कावीळ आणि लखनौचे डॉक्टर

आमच्या आजोळी आजीसमोर कावीळ हा शब्द कोणी काढत नसे. माझी धाकटी मावशी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दीड महिन्याने, सातवा सरता सरता, तिचे डोळे पिवळे झाले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. तिचे ताट-वाटी वेगळे काढले, गळ्यात मुळ्यांची माळ घातली, उसाचा रस सुरू केला. गल्लीत आणखी चार-पाच घरी कावीळ होती, पण त्याचा कोणी विचार केला नाही. नवव्या दिवशी मावशी गेली. बाळही गेले. कोणीतरी म्हणाले, ''परवा भातावर तूप वाढले होते ना, तेच नडले.'' वाढले होते आजीने. त्यानंतर तिने स्वतःच्या पानात तूप घेतले नाही.

गेल्या हिवाळ्यात दिरांच्या तपासणीसाठी लखनौला रायबरेली रोडवरच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत गेले होते. पोटाच्या विकारांचा विभाग, बाकावर ही गर्दी! शेजारी एक सासू सुनेला घेऊन बसली होती. सुनेच्या गळ्यात तशीच माळ. मला बसवेना.

परतल्यावर मी या विभागाविषयी मिळेल ते वाचत सुटले (वार्ताहराची खोड, दुसरे काय). डॉ. सुभाष नाईक हे या विभागाचे प्रमुख होते. पोटविकारतज्ज्ञ म्हटला की आपल्याला दुर्बीण घालून जठर पाहणारा डॉक्टर आठवतो. तेही काम मोठेच. पण नाईकांच्या कारकिर्दीतला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग दवाखान्याबाहेरचा आहे.

१९९१ च्या आरंभी शेजारच्या कानपुरात काविळीची प्रचंड साथ आली. नाईक, त्यांचे सहकारी डॉ. राकेश अगरवाल, साळुंके आणि मेहरोत्रा यांनी तिचा अभ्यास करून १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत निबंध लिहिला. (नाईक, साळुंके ही आडनावे वाचून मराठी कान टवकारतातच.) लोकवस्तीची पाहणी करून त्यांनी अंदाज काढला, सुमारे ७९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ज्या भागांत नदीचे पाणी नळाने येत होते तिथे रोगी जास्त, जमिनीखालचे पाणी पिणाऱ्या भागांत कमी. पाण्यात मैला मिसळला होता आणि त्यातून पसरला होता हिपॅटायटिस ई हा विषाणू.

या विषाणूची ओळख पटायलाच किती वर्षे लागली! दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली, तेव्हा ती नेहमीचीच काविळीची साथ समजली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी पुन्हा तपासले आणि १९८० मध्ये सांगितले की हा कोणी निराळाच विषाणू आहे. त्याच वर्षी काश्मीरच्या डॉ. महंमद सुलतान खुरू यांनीही तिकडच्या साथीवरून तेच मांडले.

बहुतेक रोगी यातून आपोआप बरे होतात. गरोदर बाईचे मात्र तसे नाही. शेवटच्या तिमाहीत हा रोग झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. हे वाचताना मी पान मिटून ठेवले होते.

अगरवाल आणि नाईक यांनी आणखी एक गोष्ट तपासली. घरात एकाला झाली म्हणून ही कावीळ दुसऱ्याला सहसा होत नाही. एका घरात तीन-चार रोगी निघतात ते बहुधा सगळे एकच पाणी प्यायल्यामुळे. मावशीचे ते वेगळे काढलेले ताट मला आठवले. शेवटचे दिवस ती माजघरात एकटीच जेवली होती. अगरवाल पुढे पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेचे संचालक झाले.

मावशीचे रक्त कोणी तपासले नव्हते, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. तरी दिवाळीत आजोळी गेले तेव्हा आजीला सारे सांगितले. तुपाने कावीळ होत नाही, हे दोनदा सांगितले. ती आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येते. बराच वेळ ती वाती वळत राहिली. मग म्हणाली, ''त्या साली पावसात मोरीपुढचे गटार फुटले होते. नळ त्याच्यातूनच जायचा.''