एका वेळी एकच बदल

गेल्या रमजानमधली गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. उर्दू आणि मराठी, दोन्ही विषयांच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे होत्या आणि घरचा कॉम्प्युटर रडतरखडत चालत होता. अकरावीतल्या माझ्या मुलाने ईदीचे साठवलेले पैसे काढले, पैठण गेटकडून ८ जीबीची नवी रॅम आणली आणि जुन्या ८ जीबीच्या शेजारी बसवली. मशीन पळू लागलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण नव्या रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं होतं आणि टास्क मॅनेजर दाखवत होता २४००. "दुकानदाराने तुला फसवलं," मी म्हणालो.

"नाही अब्बू, जुनी रॅम २४०० ची आहे. दोन्ही सोबत लावल्या की हळू असते तिच्या चालीने चालतात."

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला गेला आणि मी एक व्हिडिओ बघून, कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये शिरलो. एक्सएमपी चालू केलं. रॅमचं व्होल्टेज हाताने वाढवून १.४५ केलं. टायमिंगचे आकडेही कमी केले. मशीन सुरू झालं, ३२०० दिसलं. मी खूश!

दोन दिवसांत निळा पडदा यायला लागला. तिसऱ्या दिवशी उर्दूची प्रश्नपत्रिका उघडेना. चार संध्याकाळची मेहनत गेली. चौथ्या दिवशी तर पडद्यावर काहीच दिसेना. मी मुलावर ओरडलो, "गेम टाकले असशील, स्वस्तातला माल आणला असशील!" रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, हे मी वर्गात सांगतो. तो काही बोलला नाही.

तरावीहनंतर तो जवळ येऊन बसला. "बायोसमध्ये काय काय बदललं?"

मी तीन गोष्टी सांगितल्या.

"तिन्ही एकदम? मग कशामुळे बिघडलं ते कसं कळणार?"

त्याने आधी प्लग काढला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला. बायोसची सेटिंग मूळ जागी आली आणि पडदा उजळला. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावलं. हा प्रोग्रॅम रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि दोन्ही जुळतं का ते पाहतो. एकसुद्धा चूक चालत नाही. सहरीला उठलो तेव्हा चुका शून्य होत्या.

दुसऱ्या रात्री नवी रॅम एकटी, एक्सएमपीवर, ३२००, १.३५ व्होल्ट. चुका शून्य. तिसऱ्या रात्री जुनी रॅम एकटी, तिलाही ३२०० ला पळवलं. काही मिनिटांतच लाल ओळी! मुलाने लगेच टेस्ट बंद केली.

म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या होत्या, दुकानदार खरा होता. मी जुनीला तिच्या ताकदीबाहेर पळवत होतो. ती वाचताना चुकत होती आणि तेच चुकलेलं माझ्या फाइलमध्ये जाऊन बसत होतं. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. चालता चालता चुकीचं लिहिणारं मशीन जास्त धोक्याचं.

डीडीआर ४ रॅमचं ठरलेलं व्होल्टेज १.२ आहे. आधीच्या डीडीआर ३ चं १.५ होतं. एक्सएमपी म्हणजे रॅम बनवणाऱ्याने स्वतः तपासून रॅममध्येच नोंदवून ठेवलेले जादा वेगाचे आकडे. त्यासाठी बहुतेक वेळा १.३५ व्होल्ट लागतात. पण ते आकडे त्या एका रॅमपुरते असतात. बोर्डाने नवीचे आकडे जुनीवरही लादले, आणि वरून १.४५ ची भर माझी.

व्होल्टेज मला समजलं ते आपल्या नहर-ए-अंबरीमुळे. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलं आणि मध्ये मध्ये उंच मनोरे उभारले, दाब सांभाळायला आणि अडकलेली हवा बाहेर पडायला. दाब कमी पडला तर पाणी पोहोचत नाही, जास्त झाला तर नळ फुटतो. दाब वाढवला म्हणून नळ मोठा होत नाही.

शेवटी दोन्ही रॅम २४०० वर, १.२ व्होल्टवर ठेवल्या. प्रश्नपत्रिका टाइप करायला तो वेग भरपूर आहे. कमी पडत होती ती जागा, आणि ती तर मुलाने पहिल्याच दिवशी आणून दिली होती.

वर्गातही मी हेच करत आलोय. घरी उर्दू बोलणारं मूल मराठीत मागे पडलं की त्याची जागा बदल, वही बदल, शिकवणी लाव, सगळं एकाच आठवड्यात. मूल सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, बिघडलं तरी कळत नाही. आणि दोष मुलाचाच धरला जातो.

तिसऱ्या सहरीला मी मुलाला म्हणालो, "ग़लती मेरी थी, बेटा." वीस वर्षं शिकवतोय, पण हे वाक्य घरात पहिल्यांदाच बोललो. त्याने फक्त खजुरांची ताटली माझ्याकडे सरकवली.

प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप केली. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आता त्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे: "२४००, १.२ व्होल्ट. बदलायचं असेल तर एका वेळी एकच. आधी लिहून ठेवा." खाली त्याने माझी सही घेतली आहे.