इंजिन कुठलं घ्यायचं?

गेम बनवायचं मनावर घेतलं की पहिला महिना इंजिन निवडण्यातच जातो. युनिटी, अनरिअल की गोदो? सी शार्प शिकू की सी प्लस प्लस? तुलनेचे व्हिडिओ बघता बघता रात्रीचे दोन वाजतात आणि पडद्यावर एक साधा चौकोनही हललेला नसतो. नोकरी सांभाळून हा उद्योग करणाऱ्याच्या हातात दिवसाला एक तास असतो, फार तर दीड. तो तास कुठे खर्च करायचा, एवढाच खरं तर प्रश्न आहे.

बरं, नाव काढलेल्यांकडे बघावं तर प्रत्येकाची वाट वेगळी. माइनक्राफ्ट जावात लिहिला, तोही तयार इंजिन न घेता. अंडरटेल (२०१५) गेममेकरमध्ये, तर बालाट्रो (२०२४) लुआ भाषेत. एरिक बॅरोननं एकट्यानं चारेक वर्षं खपून २०१६ मध्ये स्टारड्यू व्हॅली आणला, तो सी शार्प आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनएवर. गंमत म्हणजे, त्याचं काम चालू असतानाच मायक्रोसॉफ्टनं एक्सएनएचं पुढचं काम थांबवलं. पण गडी थांबला नाही! पुढे गेम मोनोगेमवर नेला. तिथेही सी शार्पच, आणि रचनाही एक्सएनएसारखीच, म्हणून निभावलं.

म्हणजे काहीही घेतलं तरी चालतं? तसंही नाही. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं, की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितक्यांदा पैसे द्यायचे. वर्षानुवर्षं त्यावर काम केलेल्या लोकांच्या पायाखालची वाळूच सरकली. आरडाओरड झाली, नियम सौम्य केले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ते शुल्क रद्दही झालं. पण घरमालक मध्येच भाडेकरार बदलू शकतो, हे सगळ्यांना कळून चुकलं. 'स्ले द स्पायर' वाल्यांनी तर दुसऱ्या भागासाठी चक्क गोदो धरलं.

अनरिअलचा हिशोब सरळ आहे: एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के. ही चिंता मला आनंदानं परवडेल! पण मला करायचाय आपला चल्लस-आठ. पाच बाय पाचचा पट, सोंगट्या आणि फोडलेले चिंचोके. पंचवीस घरांसाठी अनरिअल म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यातला प्रकार.

म्हणून मी गोदो घेतलं. ते २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं आहे. उद्या कुणाचं मन बदललं तरी आज हातात असलेली आवृत्ती माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. भाषा जीडीस्क्रिप्ट, दिसायला बरीचशी पायथनसारखी. शिवाय ब्राउझरमध्ये चालणारा गेम त्यातून सहज निघतो. गावच्या आत्याला लिंक पाठवली, की तिनं फोनवर उघडावी आणि खेळायला बसावं. तिला इन्स्टॉल वगैरे काही सांगायला नको.

जीडीस्क्रिप्ट गोदोच्या बाहेर फारशी उपयोगी नाही, हे मला ठाऊक आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्यानं सी शार्प किंवा सी प्लस प्लसच धरावं. पण मला नोकरी आहे, गेम नाहीये. आणि कुणाची पाळी, दान किती, सोंगटी कुठवर जाईल, हा विचार कुठल्याही भाषेत करावाच लागतो. तो एकदा जमला की दुसऱ्या भाषेत मांडता येतो.

सध्या पट काढून झालाय आणि चिंचोके बरे पडतायत. मारलेली सोंगटी घरी कशी पाठवायची, ते आज रात्री.