घंटा गेल्या, समुद्र आहे

वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उभा आहे, घंटा मात्र नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या घंटा लांबलांबच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच!

गावाला आवाज परत द्यायचा, हा किडा माझ्या डोक्यात वळवळतोय. क्रोएशियात झादरला २००५ साली किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट हवा ढकलते, नळी वाजते. वीज नको, स्पीकर नको.

पण तिथे भरती-ओहोटी नावापुरती. आपल्याकडे पाणी काही मीटर चढतं-उतरतं, नळ्या एकतर बुडणार नाहीतर कोरड्या पडणार. मग पायरीगणिक वेगळी नळी लावली तर? वरच्या पायरीला आखूड, म्हणजे सूर चढा. पाचूबंदरच्या कोळ्याला घरबसल्या भरती ऐकू येईल.. काय म्हणता, जमेल ना?