आज्ञा आणि रिपोर्ट

आमच्या रोबोटिक्स क्लबच्या गाडीला यंदा खरंखुरं काम मिळालं : क्रॉस-कंट्रीच्या दिवशी ट्रॅकच्या कडेने पाण्याचे जार पोचवायचे. भरलेल्या जारांसह गाडीचं वजन 60 किलो. परवानगी देताना वर्कशॉपच्या सरांनी एकच अट घातली. "वाटेत सहावीची मुलं असणार. स्टिअरिंगची वायर तुटली तर गाडी कुठे जाईल, ते आधी मला दाखवा."

चाकं वळवायला सर्वो हवा. पण केवढा? आम्ही स्टिअरिंगच्या 10 सेंटिमीटर लांब दांडीला ताणकाटा अडकवला आणि गाडी जागेवर उभी असताना ओढला. काटा 7 किलोवर आला तेव्हा चाकं वळली. म्हणजे 70 किलो-सेंटिमीटर टॉर्क. खेळण्यातल्या गाड्यांचे नेहमीचे सर्वो 10 ते 20 चे असतात. तेव्हा सर्वो घरीच बनवायचा, असं ठरलं.

सुट्टीत बाबांनी गॅरेजमधून जुन्या जीपच्या वायपरची 12 व्होल्टची मोटार मिळवून दिली. देताना म्हणाले, "हिच्यात ताकद आहे, पण कुठे थांबायचं ते हिला कळत नाही. ते तुम्ही शिकवा." या मोटारीत वर्म गिअर असतो. मोटार चाक वळवू शकते, पण चाकाला दगड लागला तरी मोटार सहसा उलटी फिरत नाही. अशा बऱ्याच मोटारींची एक वायर बॉडीलाच जोडलेली असते. आमच्या मोटारीला दोन्ही दिशांना फिरायचं होतं, म्हणून आम्ही ती रबर आणि नायलॉनचे वॉशर घालून चॅसीपासून वेगळी बसवली.

"कुठे थांबायचं" हे शिकवण्यासाठी चाकाच्या खुंटावर 10 किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर लावला. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतो, तसाच. चाक किती वळलं ते तो आर्डुइनोला 0 ते 1023 मधल्या आकड्यात सांगतो. हवा असलेला आकडा आणि आलेला आकडा यांतला फरक शून्याजवळ येईपर्यंत मोटार फिरते. साध्या मोटारीला फक्त आज्ञा कळते. सर्वो आज्ञा पाळतो आणि रिपोर्टही देतो.

ही कल्पना मुळात जहाजांच्या सुकाणूसाठी वाढली. 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजावर 1860 च्या दशकातच वाफेवर चालणारं असं सुकाणू बसवलं होतं. 'सर्वोमोटर' हा शब्द 1873 मध्ये फ्रेंच इंजिनिअर फार्को यांच्या पुस्तकातून रूढ झाला. पुढे 1922 मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी सुकाणू धरणाऱ्या खलाशांवरून गणित मांडलं. चांगला खलाशी जहाज किती भरकटलंय एवढंच पाहत नाही, तर ते किती वेगाने वळतंय तेही पाहतो आणि वेळेआधीच हात सैल सोडतो.

आम्हाला तेच करावं लागलं. नुसत्या फरकावर चालवलं की चाकं मधोमध न थांबता डावी-उजवीकडे डोलत. प्रोग्रॅममध्ये वेगाचा हिशेब घातला, तेव्हा ती ड्रिलमधल्या 'थम'सारखी जागच्या जागी थांबू लागली.

मग सरांची अट. चाक वळण्याच्या दोन्ही टोकांना आकडे 200 आणि 820 येतात. पोटेन्शिओमीटरच्या सिग्नल वायरला आम्ही एक रेझिस्टर जमिनीशी जोडला, म्हणजे ती वायर तुटली की आकडा थेट शून्यावर येतो. आकडा 150 च्या खाली किंवा 870 च्या वर गेला, की स्टिअरिंग आणि मागची चाकं, दोन्हींचा करंट बंद. खोट्या रिपोर्टवर पुढे जाण्यापेक्षा थांबलेलं बरं.

चाचणीच्या दिवशी गाडी चालू असताना सरांनी स्वतः बाजूने चालत ती वायर उपटली. मोटार गप्प झाली. गाडी दोन पावलांत थांबली. सरांनी वायर परत जोडायला लावली आणि आणखी दोन वायरी एकेक करून उपटल्या. गाडी प्रत्येक वेळी थांबली. मग त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

क्रॉस-कंट्रीला गाडीने आठ फेऱ्या मारल्या. बारावीनंतर आम्ही इथून जाऊ. ताणकाट्याचे आणि चाचणीचे सगळे आकडे असलेली वही नववीच्या कॅडेटांकडे दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर सरांचा प्रश्न लिहिला आहे : "वायर तुटली तर?" तुमची गाडी कुठलीही असो, सुरुवात तिथूनच करा.