बावड्याच्या बंधाऱ्यावर

बावडा म्हटले की परगावच्या माणसाला गगनबावडाच आठवतो. तो घाटमाथ्यावरचा; करूळच्या आणि भुईबावड्याच्या घाटांनी कोकणात उतरणारा. आमचा कसबा बावडा कोल्हापूरच्या उंबऱ्यावरचा. नवा राजवाडा मागे टाकून सरळ पुढे गेले की लागतो तो. पण या दोघांचे नाते केवळ नावाचे नाही. गगनबावड्याच्या डोंगरातला पाऊस कुंभी नदीतून खाली येतो, कासारी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगतीने पंचगंगा होतो आणि कोल्हापूरला वळसा घालून आमच्या राजाराम बंधाऱ्याशी घटकाभर थबकतो.

हा बंधारा पुष्कळांना ठाऊक आहे, पण आकड्यांनी! ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. आषाढ-श्रावणात सकाळच्या चहाआधी घरोघर एकच प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर किती?" २०१९ आणि २०२१ साली तो आकडा ५५ च्याही वर गेला. पाणी उतरले की मात्र नदीची विचारपूस करायला कोणी फिरकत नाही. अपवाद फक्त गळ टाकून बसणाऱ्या मंडळींचा.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर त्यांपैकीच. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते. गेल्या वैशाखातल्या अवसेला ते नातवाला घेऊन निघाले, तेव्हा मीही मागे लागलो. मराठीत 'गळ घालणे' म्हणजे आर्जव करणे. हा अर्थ मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. त्या संध्याकाळी तो मामांवर आजमावून पाहिला.

"या की सर. पर बोलायचं न्हाई हं," एवढीच अट त्यांनी घातली. प्राध्यापकाला याहून कडक अट ती कोणती?

बंधाऱ्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे एकावर एक बसवायचे, त्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायची, की पाणी अडले. मृग तोंडावर आला की बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून ही रीत पुढे महाराष्ट्रभर गेली. पण अडलेले पाणी वैशाखापर्यंत शिळे होते. शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र बावड्यातच आहे. तरीही मैला आणि मळी मिसळून पाण्यातला प्राणवायू आटल्याच्या आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचाव्या लागतात.

वरच्या अंगाला, दगडांच्या खबदाडीशी आम्ही बसलो. मामांचा सरंजाम म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, शिशाची गोळी, गळ आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळे. काठी नाही, तरंगणारे बूच नाही. तंगूस तर्जनीवरून सोडलेला. जे कळायचे ते बोटाला कळायचे.

दहाच्या सुमारास पहिला मासा लागला. चिलापी. मग दुसरी, तिसरी. नातू खूष झाला, मामा नाहीत. न बोलण्याची अट त्यांनीच मोडली.

"चिलापी गटारातबी जगतीया, सर. तिचं काय कौतिक? वाम घावली तर तळ जित्ता हाय म्हणायचा. दोन वर्सं झाली, हितं वाम लागली न्हाई मला. ह्या पोरानं तर जित्ती बघितलीबी न्हाई."

चिलापी मूळची आफ्रिकेतली, कसल्याही पाण्यात संसार थाटणारी. वाम इथलीच, सापासारखी लांब, दिवसा दगडाच्या सांदीत नाहीतर चिखलात दडणारी, अंधारात तळाशी हिंडून खाणारी. कोकणात बंदरावर रात्री लेप धरायला बसतात, तोही असाच तळाचा रहिवासी. जन्मतः त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी येतो आणि स्वारी कायमची कुशीवर निजते. तळाला राहायचे तर काहीतरी सोसावे लागतेच.

बारा वाजले. डासांनी आमचा चांगलाच समाचार घेतला. पलीकडे वडणग्याच्या अंगाला कुत्री भुंकून थकली. नातू माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपला. मामा मात्र एक बोट पुढे करून तसेच बसलेले. दोन वाजता मी घरी जाण्याची भाषा काढणार, तोच त्यांचे बोट किंचित वाकले.

हिसका नव्हता. कोणी पदर धरून हळूच ओढावा, तशी ओढ. मामांनी ढील दिली नाही. ढील दिली की वाम दगडाखाली शिरते आणि तंगूस तुटतो. हात-हात करीत त्यांनी तो वर घेतला. मी विजेरी लावली. हातभर लांब, तपकिरी, पिळे मारणारी वाम! पाठीवर काट्यांची ओळ. मामांनी ती ओल्या पोत्यात धरली, तोंडाजवळ नेली आणि कल्ले हुंगले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"वास न्हाई," ते म्हणाले.

नातू केव्हाच उठून बसला होता. त्याने भीत भीत बोट लावले. "आज्जा, ही खायची?"

"तुझी आज्जी इचारंल, कुठल्या अंगाची म्हणून. वरच्या अंगाची, म्हणून सांग. मग शिजवंल ती."

त्यांनी पोत्याचे तोंड बांधले आणि डब्यातून नवे गांडूळ काढले.

"बसा की सर. अजून दोन तास रात हाय."