माझी चांदी



पर्युषणात परिग्रह परिमाणाचं व्रत नव्याने घ्यायचं म्हणून वही उघडून बसले. शेत, घर, सोनं लिहून झालं आणि चांदीपाशी पेन अडलं. पूर्वी मी मर्यादा रुपयांत लिहिली होती. बी.कॉम.ची सवय, दुसरं काय! भाव असा चढला की एक चमचाही न घेता मर्यादा ओलांडली गेली. म्हणून या वेळी वजनात लिहायचं ठरवलं. वर मथळा घातला, 'माझी चांदी', आणि मला त्या इंग्रज उमरावाची आठवण झाली.

गेल्या वर्षी मुलाकडे मँचेस्टरला होते, तेव्हा सूनबाईने जवळच्या डनहॅम मॅसी या जुन्या वाड्यात नेलं होतं. बाहेर हरणं मोकळी चरत होती, मी तिथेच रमले असते. पण आत चांदी होती. वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल जॉर्ज बूथ याने जमवलेली. तबकं, मेणबत्तीची झाडं, दारूच्या बाटल्या गार ठेवायचं भलंमोठं घंगाळ. यातल्या कशात काय वाढलं जात असेल हा विचार आला की आपला हात आखडतो, खोटं कशाला सांगू. पण घडण मात्र बघत राहावी अशी. कारागीर बरेचसे मूळचे फ्रान्सचे. तिथल्या राजाने 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा हजारो माणसं घरदार सोडून इंग्लंडला आली. त्यांतच हे सोनार होते. घर सुटलं, धर्म राहिला आणि हातातली कला राहिली.

मला सगळ्यात भावली ती मात्र यादी. 1750 मध्ये, पंचाहत्तरीच्या आसपास, या अर्लने आपल्या चांदीची यादी केली, वस्तू आणि तिचं वजन अशी. मथळ्याचा अर्थ साधारण 'माझ्या चांदीचा तपशील आणि तिचं वजन'. वजन ट्रॉय औंसात. तीन औंस म्हणजे आपले बरोबर आठ तोळे, मी तिथेच बोटांवर हिशोब केला आणि सूनबाई हसायला लागली. त्या काळी तिकडेही बिलात धातूचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी लावत. जुनी भांडी मोडीत देऊन नवी करायची पद्धतही अगदी आपल्यासारखीच.

संसार मात्र सुखाचा नव्हता. वडिलांनी ठेवलेलं कर्ज डोक्यावर होतं, म्हणून 1702 मध्ये एका श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी केली. तिच्या पैशाने घर सावरलं, पण दोघांचं पटलं नाही. एकाच वाड्यात वेगवेगळे राहिले. 1739 मध्ये त्याने नाव न घालता एक पुस्तिका छापली, स्वभाव जुळत नसतील तर काडीमोड मिळावा अशी. मला त्या बाईचंच वाईट वाटत राहिलं. पैसा तिच्या माहेरचा आणि यादीत 'माझी चांदी'.

इथेच माझं पेन अडलं होतं.

आत्याबाईंना माहेरून दोन चांदीची ताटं आली होती, काठाला त्यांचं नाव कोरलेलं. एक थोरल्या जाऊबाईंना द्यायचं, एक मला, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. त्या गेल्यावर दोन्ही ताटं माझ्याच कपाटात राहिली, कारण एकत्र घर माझ्याकडे होतं. 1994 साली मी त्यातलं एक मोडीत दिलं. अडचण कसलीच नव्हती. नव्या फॅशनच्या सहा वाट्या हव्या होत्या. सराफाने घट वजा केली, घडणावळ लावली, वर थोडे पैसे घेतले. ताट आत नेण्याआधी त्याने विचारलं, "वहिनी, नाव आहे यावर, चालेल ना?" मी "चालेल" म्हटलं. तेव्हा मला वाटलं, जे राहिलं ते माझं आणि मोडलं तेही माझंच.

जाऊबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "आत्याबाईंचं ताट जरा काढ गं, बघायचंय." मी राहिलेलं ताट काढून दाखवलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, नाव वाचलं आणि परत दिलं. दुसरं कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

डनहॅम मॅसीची बरीच चांदी 1921 मध्ये लंडनला लिलावात गेली. नंतर घराण्याचा शेवटचा वारस, स्टॅमफर्डचा दहावा अर्ल, त्यातल्या काही वस्तू जमतील तशा परत विकत घेत राहिला. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. 1976 मध्ये तो गेला तेव्हा वाड्यासकट सगळं नॅशनल ट्रस्टला देऊन गेला. चांदीवर घराण्याची निशाणी होती म्हणून ती ओळखता आली, परत आणता आली. माझं ताट वितळलं. ते कुणाला परत आणता येणार?

पाठशाळेत माताजींनी शिकवलं होतं, वस्तूपेक्षा वस्तूतली मूर्च्छा हा परिग्रह. मी मान डोलावली होती. पण परवा राहिलेलं ताट वजनकाट्यावर ठेवलं आणि उचलवेना. ते द्यायचं म्हटलं की पोटात कालवायचं. दोन दिवस त्या ओळीपुढे आकडाच घातला नाही.

तिसऱ्या दिवशी देवदर्शन करून आले आणि जाऊबाईंना फोन लावला. 1994 चं सगळं सांगितलं, सहा वाट्यांसकट. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाल्या, "वाट्या तरी चांगल्या निघाल्या का?"

दोन पिचल्यात, मी सांगितलं.

रविवारी त्या येणार आहेत. ताट चिंचेने घासून ठेवलं आहे. वहीत त्या ओळीवर काट मारली आणि वजनाची बेरीज पुन्हा केली.