कच्चे-पक्के

कर्जाच्या अर्जात ‘अवजारे व त्यांची अंदाजे किंमत’ असा एक रकाना असतो. गेल्या चैत्रात तो भरावयास बसलो, तेव्हा चाक एक, थापटणी चार, दगडी गुंडे तीन, साचे बावीस, चाळण्या दोन आणि मडके चाकावरून कापून घेण्याचा दोरा, इतके लिहून झाल्यावर लेखणी थांबली. कारण दोऱ्याची किंमत काय मांडावी हे मला उमजेना, आणि ज्या साधनांवाचून आमचा हा लहानसा धंदा एक हंगामही उभा राहिला नसता त्यांतील निम्मी अद्याप कागदावर आलीच नव्हती. वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरच्या शिवेला लागून आमचे घर आहे. माठ, रांजण, सुगडी, पणत्या, पोळ्याचे बैल आणि भाद्रपदात गणपती हा आमचा माल. आणि तो घडविणारी घरची माणसे पाच.

वऱ्हाडची काळी जमीन ही कापसाची माउली खरी, परंतु कुंभाराला ती सहजासहजी वश होत नाही. पाणी पिऊन ती फुगते, वाळताना आकसते, आणि वैशाखात शेताला पडतात तशाच भेगा तिच्या मडक्यालाही पडतात. म्हणून नाल्याच्या वळणावर साचलेला गाळ निवडून आणावा लागतो, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळून तो पायांनी तुडवावा लागतो. लिदीतील गवताचे तंतू आव्यात जळून जातात, त्यांच्या जागी सूक्ष्म रंध्रे राहतात, आणि पारा 45 अंशांवर चढलेल्या दुपारी माठातले पाणी त्याच रंध्रांतून पाझरून बाहेरच्या अंगावर वाळताना आतल्या पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. आता गावात टांगे नाहीत, घोडे नाहीत. लीद लांबून, ओळखीने आणि भाडे मोजून आणावी लागते. ती मी अर्जात लिहिली नाही, पण माझ्या दृष्टीने चाकाखालोखाल मोल तिचेच.

चाकाविषयी मला हट्ट नाही. आजोबांचे चाक काठीने फिरवावे लागे. अंगच्या वजनाने ते फिरत राही आणि त्याचा वेग मंदावण्याच्या आत मडक्याचा गळा काढून घ्यावा लागे. माझे चाक विजेवर चालते, आणि खांद्याचे दुखणे त्याने वाचविले याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. नदीपलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी ज्या निष्ठेने चालविले, त्या निष्ठेतही अवजार सुधारू नये असा आग्रह कोठे नव्हता. कारागिराच्या हातचे काम काढून न घेता त्याचे कष्ट हलके करणारे अवजार शोधणे हेच तर तेथे चालले होते. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी उघडलेले तेथील मगन संग्रहालय मी विद्यार्थिदशेत प्रथम पाहिले. गांधीजी दिसतील म्हणून गेलो होतो, आणि अवजारांपुढे तासभर उभा राहून परतलो.

परंतु सर्व अवजारांत माझा जीव आहे तो थापटण्यावर. चाकावरून उतरलेले मडके जाड बुडाचे आणि ओबडधोबड असते; ते अर्धवट सुकले की डाव्या हाताने आतून गुंडा धरावा, उजव्या हाताने बाहेरून थापटण्याचे हलके ठोके द्यावेत, आणि असे फिरवीत फिरवीत त्याचे पोट वाढवीत, भिंत पातळ करीत न्यावी. हे काम डोळ्यांनी होत नाही. भिंत कोठे जाड राहिली, कोठे पातळ होऊ लागली, हे ठोक्याचा नाद सांगतो.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? संतमेळ्यात मुक्ताबाईने विचारले, काका, यांतले कच्चे मडके कोणते ते सांगा. काकांनी थापटणे उचलले, एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले, आणि नामदेव रुसले तेव्हा हेच मडके कच्चे असा निवाडा दिला. कीर्तनात ही कथा परीक्षेची म्हणून सांगतात आणि ऐकणारे नामदेवांच्या फजितीवर हसतात. मला मात्र, कुंभाराच्या घरी जन्मलो म्हणून असेल, त्यात एक निराळीच गोष्ट दिसत आली आहे. भाजलेले मडके थापटण्याने कोणी तपासत नाही. त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारतात. थापटणे हे ओल्या मडक्याला आकार देण्याचे अवजार आहे. काकांसारख्या जाणत्या कुंभाराने परीक्षेसाठी तेच हाती घ्यावे, याचा अर्थ मला असा वाटतो की त्यांनी नामदेवांना नापास केले नव्हते, कामास घेतले होते. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांच्या चरणी ते मडके पक्के झाले, ही कथा प्रसिद्धच आहे. पण पहिला ठोका तेरच्या कुंभाराचा होता.

कच्च्याचा हा मान मला फार थोर वाटतो. कच्चे मडके फुटले तर पाण्यात टाकावे, रात्रीतून पुन्हा माती होते. तिचा माठ करा, पणती करा, बैलाचे वशिंड करा. एकदा आव्यातून निघाले की ही सवलत संपते. अग्नी मातीच्या अंतरंगातील जे पाणी काढून घेतो, ते साऱ्या वर्धेत बुडवून ठेवले तरी तिला परत मिळत नाही.

आणि हाच शब्द आमच्या दप्तरातही आहे. वडील दोन वह्या ठेवीत, कच्ची कीर्द आणि पक्की कीर्द. कच्चीत कोळशाने, पेन्सिलीने, हातास माती असतानाच टिपावे. कोणी बयाणा दिला, कोणी उधारीवर नेले, कोणाच्या लग्नाला किती मडकी. संध्याकाळी हातपाय धुऊन, रुजवात घेऊन, ते पक्कीत शाईने उतरावे. मी महाविद्यालयात शिकून परतलो तेव्हा मला ही द्विरुक्ती वाटली आणि मी कच्ची वही बंद केली. त्याच वर्षी श्रावणात अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने दिवाळीसाठी पाच हजार रंगीत पणत्या मागितल्या. मी मुदत ठरविली, इसार घेतला, आणि सौदा तत्काळ शाईने लिहून टाकला. हवेतील ओल, मंद वाळणारा माल आणि भिजलेल्या गोवऱ्या यांचा हिशेब मनातही केला नाही. आव्याला आधी कितीतरी वेळ नुसता धूर द्यावा लागतो, म्हणजे मातीतली ओल हळूहळू निघून जाते. मुदतीच्या धाकाने मी तो वेळ तोडला, पऱ्हाट्या आणि तुराट्या भरभर लावल्या, आणि आतल्या ओलीची वाफ होऊन आव्याच्या पोटात पणत्या फुटू लागल्या. तो तडतड आवाज ऐकत वडील माझ्या शेजारी सकाळपर्यंत बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी इसार परत करून आले, आणि येताना बाजारातून एक कोरी वही आणली. ती कच्ची कीर्द आज माझ्या हाती असलेल्या मालिकेतली पहिली.

तिच्याशेजारी खुंटीला पंचांग असते. आमचे भांडवल किती हे बँकेला सांगता येईल, पण ते केव्हा कामास येईल हे पंचांगच सांगते: संक्रांतीला सुगडी, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या घागरी, श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैल, आश्विनात घट, मग दिवे. आषाढीसाठी रुक्मिणीमातेची पालखी कौंडण्यपुराहून पंढरीकडे निघते. 1594 पासूनची ही परंपरा असे सांगतात. ती गावाबाहेर पडली की माठांचा हंगाम सरला, आता वाळलेला माल छपराखाली घ्यावा, असा आमच्या घरचा जुना संकेत आहे.

पालखीमागोमाग पाऊस येतो. त्याच्या पहिल्या सरींनंतर कौंडण्यपूरच्या टेकडीवर गेले असता उतारावर खापरांचे तुकडे उघडे पडलेले दिसतात. यात्रेकरूंना ही रुक्मिणीचे माहेर, पुराणांतले कुंडिनपूर. इतिहाससंशोधकांना ती एकावर एक रचलेल्या वस्त्यांची रास. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत 1968 मध्ये ग्रंथरूपाने निघाला. खालच्या थरांत जी काळी-तांबडी भांडी मिळतात, ती आत आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी असतात. आव्यात पालथी घातल्याने जेथे वारा पोचला नाही तेथे काळी राहिली, आणि जेथे पोचला तेथे तांबडी झाली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराचे चाक, दोरा, थापटणे, सारे मातीत मिळाले. त्याच्या आव्यात वारा कोणीकडून फिरला होता, एवढे मात्र त्या तुकड्यावरून आजही वाचता येते. मी ते खापर हाती घेतो, टिचकी मारतो, आणि होते तेथेच ठेवतो.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येथे दहीहंडी फुटते. त्या यात्रेत आमचेही दुकान लागते, आणि गर्दीच्या रेट्यात, मुलांच्या हातून, बैलगाडीतून उतरविताना, बराच माल फुटतो. दुकान आवरल्यावर ते सारे तुकडे आम्ही पोत्यात भरून घरी नेतो. पुढचा आवा रचला, पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे थर दिले, म्हणजे वरून झाकण लागते ते खापरांचेच. आच कोंडून धरावी आणि धुराला तेवढी वाट द्यावी, असे दुसरे झाकण मला माहीत नाही. अर्जाच्या रकान्यात शेवटी मी तेही लिहिले: फुटकी खापरे, पोती सहा. किमतीची जागा कोरी ठेवली.